मुळी जळते, वास केसांचा

"हात नका लावू! जिती हाये थे!"

महाराज असे ओरडले की पुढं सरकलेली सगळी गर्दी एका दमात मागं आली. माझ्या पायावर कोणाचा तरी पाय पडला. ओय म्हणायचंही मला सुचलं नाही, कारण मीसुद्धा डोळे फाडून ओट्यावरच्या त्या वस्तूकडेच बघत होते.

लाल फडक्यावर एक काळी जाळी ठेवली होती. फांदी म्हणावी तर पान नाही, मुळी म्हणावी तर मातीचा कण नाही. हातभर रुंद, चपटी, काडीतून काडी फुटत गेलेली आणि सगळ्या काड्या एकमेकींत गुंतलेल्या. असलं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

महाराज कोण, कुठले, कोणालाच ठाऊक नव्हतं. शेलूबाजारला एका बाजाराच्या दिवशी दिसले आणि पुढच्या आठवड्यात जीप करून थेट आमच्या आसेगावजवळच्या तांड्यावर. काळा झगा, डोळ्यांत काजळ, आणि तोंडाला म्हणून दम नाही.

"ऐका, मायबाप! हिचं नाव इंद्रजाल! बारा वर्षांत एकदा उगवते, मसणवटीत, सात हात खोल! हिले सूर्य माहीत नाही, पाऊस माहीत नाही! जिच्या घरी हे, तिच्या घरी भूत नाही, चुडेल नाही, भानामती नाही! करणी करणाराच्या अंगावर करणी वापस!"

सात हात खोल खणणाऱ्याच्या तळहाताला साधा घट्टा नव्हता, हे मी तेव्हाच पाहिलं. पण पाहून काय करता? मी आशा वर्कर, नाव विमल. हा तांडा माझ्याच यादीत. अकरा वर्षं मी इथं लसी, गोळ्या, बाळंतपणं करत फिरते आणि येता-जाता असल्या बुवांना शिव्या घालते. त्या दिवशी मात्र मी गर्दीत उभी राहून नुसती बघत होते.

कारण महाराजांनी तीन चमत्कार केले.

आधी जाळीवर लिंबू पिळलं. तशी जाळी फसफसली आणि बारीक पांढरा फेस आला. "ओकून राह्यली! घरातलं वाईट ओकून राह्यली!" मग एक कडक वाळलेला तुकडा कोमट पाण्याच्या परातीत सोडला. थोड्या वेळानं आखडलेल्या काड्या सैल झाल्या आणि पंजा उघडावा तशा पसरल्या. बायांनी पदर तोंडाला लावले. शेवटी त्यांनी एक काडी मोडून निखाऱ्यावर टाकली.

धूर झाला आणि वास आला. जळलेल्या केसांचा.

"चुडेलीचे केस जळून राह्यले!" महाराजांनी दोन्ही हात वर केले.

आता हा तांडा कोणाचा ते सांगते, म्हणजे माणसं का भ्याली ते कळेल. ही माणसं दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. तीन पिढ्यांपासून लाकूड जाळायचं हेच काम. बाभूळ, पळस, हिवर, धावडा, नुसत्या धुरावरून कोणतं लाकूड ते सांगतात. त्यातही तांड्याचे नाईक, उदयसिंगबाबा, त्यांचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. सगळे त्यांच्याकडे वळले. बाबांनी पुढं होऊन धूर हुंगला, पुन्हा हुंगला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे लाकूड नोहे," ते म्हणाले.

बस. लाकूड नाही आणि दिसतं झाडासारखं, मग दुसरं काय असणार? संध्याकाळच्या आत तांड्यातल्या घराघरांच्या चौकटीवर काळ्या जाळ्या टांगल्या गेल्या.

माझा जीव अडकला होता एका घरात. धरमसिंग आणि रुपाबाईच्या.

त्यांची शीला, दहा वर्षांची. तिला फिट येतात. मीच तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं, मेंदूची पट्टी काढून आणली होती, सकाळ-संध्याकाळची गोळी लावून दिली होती. आठ महिने एकही फिट नाही. पोट्टी शाळेत जायला लागली, दोरीवरच्या उड्या मारायला लागली. आणि महाराजांनी तिच्या कपाळावर अंगठा टेकवून सांगितलं, "गोळ्या आन् इंद्रजाल एका अंगात नांदत नाहीत. गोळ्या चुलीत टाका."

टाकल्या.

चौथ्या दिवशी तिला फिट आली. सहाव्या दिवशी दोन. मी धावत गेले तर महाराजांचं उत्तर तयार: "जाल ओढून राह्यलं, म्हणून थे बाहेर येऊन राह्यलं. अवसेले भर दुपारी तलावात सात बुडक्या द्या. गळ्यात जाल बांधा. सातव्या बुडकीले सुटते."

फिट येणाऱ्या पोरीला, गोळ्या बंद केलेल्या, तलावात बुडवणार! फिट पाण्यात आली तर एका घोटात खेळ खलास.

"रुपाबाई, काहून असं करून राह्यली वं? मरन ना पोट्टी!" मी तिच्यापुढं अक्षरशः पदर पसरला.

रुपाबाई रडत होती. "बाई, तुमी तिथंच उभ्या होत्या ना? तुमच्या नाकानं वास घेतला ना? लाकडाचा होता का? सांगा!"

वास केसांचाच होता.

"मंग तुमची गोळी खरी आन् हे खोटं, हे कोणत्या तोंडानं सांगता?" धरमसिंग म्हणाला. तो रागात नव्हता, घाबरलेला होता. महाराजांनी त्याला बजावलं होतं, आडवं येईल त्याच्या घरी ते जाईल. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, तुमाले बी पोरगी हाये."

खरं सांगते, ते ऐकून मी वाद सोडून निघाले. माझी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी घरी यायची होती. लांबचा प्रवास, बोट, मग रेल्वे. मी रस्ताभर स्वतःला बजावत गेले की विमल, तू शिकलेली आहेस, तुझ्या बापानं दीक्षा घेऊन घरातले देव्हारे हलवले ते कशासाठी? पण भीती काही शिक्षण विचारून येत नाही. ती आली.

पौर्णिमाला घ्यायला मी जऊळक्याच्या स्टेशनवर गेले. ती अंदमानकडच्या एका लहानशा बेटावर नोकरी करते. समुद्रातल्या जिवांची राखण आणि मोजणी असं काहीतरी. मी शेजारणींना "जंगल खात्यासारखंच, फक्त पाण्यातलं" असं सांगते. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय झालं, आई?"

मी सगळं सांगितलं आणि मोबाइलमधला जाळीचा फोटो दाखवला.

पौर्णिमा मटकन बाकड्यावर बसली. मी भ्याले, म्हटलं हिलापण काही झालं की काय.

"आई, हे मुळी नाही. हे जनावर आहे."

"काय बोलून राह्यली?"

"जनावर. पोवळ्याच्या गोतातलं. समुद्रपंखा म्हणतात. मी रोज पाण्यात उतरून हेच मोजते, आई."

तिनं तिचा मोबाइल काढला. निळ्या पाण्याखाली एक लांबच लांब भिंत होती आणि भिंतीवर अशाच जाळ्या उभ्या होत्या, पण जांभळ्या, पिवळ्या, लाल. प्रवाहात हलत होत्या. त्यांच्या आडोशाला बोटाएवढे मासे लपलेले. मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं आणि हेच काळं होऊन आमच्या चौकटींवर लटकत होतं.

"बेटाभोवती पोवळ्याची ही भिंत हाये म्हणून लाटा तिथंच फुटतात," ती सांगत होती. घरी आली की तिची बोली आपोआप परत येते. "भिंत गेली तं बेट खचते, मासे जातात, कोळ्यायच्या चुली इझतात. पयले होड्यायचे नांगर टाकून टाकून भिंत फुटे. मंग आमी तरंगते पिंप बांधून देल्ले, होडी त्याले बांधा, नांगर टाकू नका. बेटावरचे कोळीच आता पाळीपाळीनं राखण करतात. तरी गेल्या साली एका अंगाच्या जाळ्या कोणी तरी तोडून नेल्या. नुसते बुडखे उरले. आमी बुडखे मोजत रडलो, आई. कोठी जातात, कोणाले इकतात, काहीच समजे ना."

ती फोटोकडे पाहत राहिली. "इथं येतात."

दुसऱ्या दिवशी अवस होती.

आम्ही दोघी तलावावर पोचलो तेव्हा अख्खा तांडा काठावर उभा होता. ऊन डोक्यावर. धरमसिंग शीलाला घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता. तिच्या गळ्यात लाल दोऱ्यानं ती जाळी बांधलेली, आणि पोट्टी भीतीनं बापाच्या कमरेला चिकटलेली. रुपाबाई काठावर हात जोडून बसली होती.

"आई, मारतीन आपल्याले," पौर्णिमा माझ्या कानात म्हणाली.

"मलेबी तसंच वाटून राह्यलं," मी म्हटलं. आणि आम्ही पुढं गेलो.

"धरमसिंगभाऊ, थांबा! पाच मिनिटं!"

"आडवी आली!" महाराज कडाडले. "आजच्या आज तुह्या घरी जाईन थे! लेकीले धरीन!"

गर्दी माझ्यापासून बाजूला झाली. मीसुद्धा एक पाऊल मागं सरले, खोटं कशाला बोलू. पण पौर्णिमा महाराजांशी बोललीच नाही. ती सरळ नाईकांपुढं गेली आणि वाकून पाया पडली.

"बाबा, तुमी म्हणले हे लाकूड नोहे. तुमचं बरोबर हाये. शंभर टक्के बरोबर."

उदयसिंगबाबा चपापले. अशी सुरुवात त्यांना अपेक्षित नव्हती.

"पण मंग काय हाये, हेबी तुमच्याच नाकाले इचारू. डोळे बांधू का तुमचे? पाचच मिनिटं."

"काही परीक्षा नाही!" महाराज पुढं सरसावले. "मुहूर्त चालला!"

बाबांनी हात वर केला. साठ वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, त्याच्या नाकाला कोणी मान दिला आणि तो नाही म्हणाला, असं होत नसतं. "परीक्षा माह्या नाकाची हाये. तुमचं काय जाते, महाराज?"

रुमालानं डोळे बांधले. महाराजांच्या धुनीतलेच निखारे पौर्णिमानं पुढं ओढले. आधी बाभळीची काडी टाकली.

"बाभूळ," बाबा लगेच म्हणाले. "ओली हाये जराशी."

लोकांनी माना डोलावल्या. मग पौर्णिमानं आपल्या वेणीतले चार केस तोडून टाकले.

"हाच! हाच थो वास!"

मग तांड्यातल्या हिरीबाईच्या खुराड्याजवळून येताना उचललेलं कोंबडीचं पीस.

"हाच."

मग बकरीच्या खुराची कापलेली कड.

"हाच... हाच हाये." बाबांचा आवाज बदलत चालला होता. शेवटी पौर्णिमानं चौकटीवरून काढून आणलेल्या इंद्रजालाची काडी टाकली.

"हाबी थोच. काय टाकून राह्यली वं पोरी?"

तिनं रुमाल सोडला आणि एकेक वस्तू दाखवली. बाबांनी पीस उचलून पुन्हा नाकाशी धरलं.

"पाहा! सगळ्यायच्यात चुडेल!" महाराजांनी शेवटचा डाव टाकला.

"कोंबडीत बी?" हिरीबाई म्हणाली. "मंग मी रोज कायची अंडी खाऊन राह्यली?"

कोणीतरी खुसकन हसलं. आठ दिवसांत तांड्यावर मी पहिल्यांदा हसू ऐकलं.

पौर्णिमा मोठ्यानं बोलायला लागली. "केस, पीस, खूर, शिंग हे जिवाच्या अंगातून येते. जळलं की वास जवळजवळ एकच. हे जालबी जिवाच्या अंगातूनच आलं. समुद्रात तिळाएवढे जीव राहतात, हजारो, एकमेकायले धरून. आपल्या तांड्यासारखा त्यायचा तांडा. हे जाळी म्हणजे त्या तांड्याचा सांगाडा. जीव मेले, सांगाडा उरला. मसणवटीत नाही उगवत हे. वर्षाले बोटाचं अर्धं पेर वाढते. शीलाच्या गळ्यात हाये ना, थे वाढाले चाळीसेक वर्षं लागली असतीन. थे तोडाले बंदी हाये, इकाले बंदी हाये."

"मंग फेस?" गर्दीतून बाबूलालनं विचारलं.

"हे हिरीमावशीच्याच उकिरड्यावरचं अंड्याचं टरफल." त्याच्यावर तिनं महाराजांच्याच पूजेतलं लिंबू पिळलं. टरफलावर बारीक बुडबुडे आले. "जाळीवर चुन्यासारखी साय असते. चुना आन् खटाई भेटली का फेस येते. ओकत-बिकत काही नाही."

पंजा उघडण्याचं तिला सांगावंही लागलं नाही. बाबूलालनंच बैलाच्या चाबकाची कडक झालेली चामड्याची वादी पाण्यात सोडली होती. ती सैल होऊन वळवळली. तो स्वतःशीच म्हणाला, "च्यामायले, हे तं आमाले रोजचं ठाऊक हाये."

उदयसिंगबाबा तलावाकडे वळले. "धरमसिंग, पोरगी बाहीर काढ."

धरमसिंग जागचा हलेना. एकदा महाराजांकडे बघे, एकदा पोरीकडे. "बाबा, वास समजला. पण फिट तं खरीच येते ना?"

"येते ना भाऊ," मी म्हटलं. "गोळी बंद केली म्हणून येते. आठ महिने नव्हती, तवा जाल कुठी होतं?"

त्यानं डोळे मिटले. मग शीलाला उचललं आणि काठावर आणून उभं केलं. ती दोन पावलं आईकडे चालली असेल नसेल, तिची मान एका बाजूला वळली, डोळे फिरले, आणि ती आडवी झाली.

"पाण्यात टाका!" महाराज किंचाळले. "आत्ता बाहेर येऊन राह्यलं! बुडवा! बुडवा!"

आणि सांगायला लाज वाटते, दोन-तीन जण खरंच पुढं झाले. इतकं सगळं डोळ्यांनी पाहून. भीती म्हणजे काय असते ते मी त्या क्षणी पाहिलं. पण रुपाबाई मध्ये उभी राहिली. सकाळपासून हात जोडून बसलेली ती बाई दोन्ही हात पसरून ओरडली, "माह्या पोरीले हात लावशीन तं याद राख!"

मी शीलाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर दिला, गळ्यातला दोरा तोडून टाकला. कोणी चप्पल हुंगवायला आणली, ती भिरकावली. घड्याळ बघत बसले. एक मिनिट. दोन. ओठ निळसर व्हायला लागले. पाच मिनिटांच्या वर गेली तर काय करायचं, गाडी कुठं, दवाखाना किती लांब, सगळं डोक्यात फिरत होतं आणि मी मोठ्यानं फक्त सेकंद मोजत होते. सव्वातीन मिनिटांनी तिचं अंग सैल झालं आणि तिनं लांब श्वास घेतला.

धरमसिंग तिच्या पायाशी बसला होता. तो तलावाकडे पाहत होता.

"पाच मिनिटं आंधी मी तिले पाण्यात धरून होतो," तो म्हणाला. "सातवी बुडकी झाली असती तं मीच म्हणलं असतं का भूत सुटलं."

रुपाबाईनं शीलाचं डोकं मांडीवर घेतलं.

महाराज जीपकडे सरकत होते, पण तिच्यासमोर नाईक जाऊन उभे राहिले होते. पौर्णिमानं फोन करून बोलावलेली जंगल खात्याची माणसं येईपर्यंत ते हलले नाहीत. जीपमध्ये सीटखाली आणखी जाळ्यांची गोणी निघाली. मसणवटी फारच सुपीक दिसते, असं मी त्या महाराजांना म्हटलं. तेवढा हक्क मला होता.

शीलाला आम्ही त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी बापाला रागावून सांगितलं की गोळी अशी एकदम बंद केली तर जीव जातो. फिट पूर्ण गेल्या का? अजून सांगता येत नाही. महिना झाला, आली नाही, एवढं खरं.

तांड्यातल्या सगळ्या जाळ्या चौकटींवरून उतरल्या आणि पंचनाम्यासाठी माझ्या अंगणात आल्या. पौर्णिमा टेप लावून एकेक मोजत होती आणि वहीत लिहीत होती, कोणती किती वर्षांची असेल. शीला तिच्याजवळ बसली होती. एक जाळी तिनं हळूच मांडीवर घेतली.

"ताई, तोडलं तवा त्याले दुखलं असंन का?"

पौर्णिमानं टेप बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं.

तिच्या त्या प्रश्नामुळे मी हे लिहायला घेतलं. तुमच्या घरी, दुकानात, गल्ल्यामागे अशी काळी जाळी लावलेली असेल तर ती मुळी नाही. एका बेटाची भिंत तोडून ती आणली आहे. ती तुमचं भूत पकडत नाही, तिला स्वतःला वाचवता आलं नाही. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त भीती वाटत असताना कोणी गोळी बंद करायला सांगितली, पोराला पाण्यात उतरवायला सांगितलं, तर पाच मिनिटं थांबा आणि विचारा. आमची शीला त्या पाच मिनिटांमुळे जिवंत आहे.